मासळीचा वास आणि सोळाचा पॉइंट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत राईस कुकरमध्ये आणि इंडक्शन शेगडीवर करायच्या पदार्थांच्या कृती आल्या होत्या. कृती चांगल्या होत्या. आमच्या सौ.ने मसालेभाताची कापून डब्यात ठेवली आहे. तांदूळ किती वेळ निथळायचे, लवंगा किती घ्यायच्या, सगळं होतं. कुकरची पिन भिंतीवरच्या कुठल्या भोकात घालायची, याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. म्हणून हे पत्र. लांबेल. काटछाट करावीच लागली तर माझी ओळख कापा, गणित कापू नका.

ओळख एवढीच की मी सांगलीच्या गावभागातला निवृत्त वायरमन. १९७८ साली आयटीआयमधून बाहेर पडलो. प्रमाणपत्रावर धंद्याचं नाव ‘तारतंत्री’ असं छापलेलं आहे. त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. अडतीस वर्षं लोकांच्या माळ्यांवर, जिन्यांखाली आणि देवघरांच्या मागे वायरी ओढल्या. आता सांगतो ते माझ्याच घरात, माझ्याच हातून झालेलं आहे.

गेल्या वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला सौ. स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, हा मासळीचा वास कुठून येतोय?” आमचं घर शाकाहारी, त्यात गौरी घरात आलेल्या. नैवेद्य व्हायचा होता. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. पहिला संशय मांजरावर गेला. धाकट्या सुनेने मोरीपासून ओट्याखालपर्यंत सगळं हुडकलं. सौ.ने मागच्या आळीकडे तोंड करून चार शब्द ऐकवले, ते इथे लिहीत नाही. मी उठून मागची खिडकी बंद केली. वास वाढला.

खिडकी बंद केल्यावर वास वाढतो म्हणजे तो बाहेरून येत नाही, एवढं कळायला मला पाच मिनिटं लागली. खरं तर एका सेकंदात कळायला हवं होतं. स्विच, सॉकेट, प्लग ज्या कडक प्लॅस्टिकचे करतात, त्यातली काही तापली की अगदी मासळीसारखा वास येतो. धूर पुढे दिसतो, ज्वाळा त्याहून पुढे. हाताखालच्या प्रत्येक नवशिक्या पोराला मी हे पहिल्या आठवड्यात सांगत आलो. आणि माझ्याच स्वयंपाकघरात मी मांजर शोधत होतो.

मेन स्विच पाडला. ओट्याच्या मागे भिंतीवर एक साधा पॉइंट आहे, पूर्वी त्यावर फक्त मिक्सर चालायचा. त्या पॉइंटात एक पांढरा कन्व्हर्टर खोचलेला, म्हणजे मोठी पिन लहान भोकात जावी म्हणून बाजारात मिळतो तो. त्याच्या एका तोंडात इंडक्शन शेगडीचा जाडा थ्री-पिन टॉप, दुसऱ्यात राईस कुकर. गॅसच्या दोन्ही शेगड्यांवर पुरण आणि भाजी, इंडक्शनवर कटाची आमटी, कुकरमध्ये भात. तासभर हे चाललेलं. कन्व्हर्टर ओढला तर तो निघेना. प्लॅस्टिक विरघळून सॉकेटला चिकटलेलं. पक्कडीने काढला तेव्हा पितळी पिना चॉकलेटी झालेल्या आणि आतल्या वायरीचं वेष्टण दोन इंच कोळसा. वर लाकडी फळी, फळीवर डाळींचे डबे, त्यांच्यामागे जुन्या वाड्याचं लाकडी छत.

तो कन्व्हर्टर कुणी आणला? मीच. तीन वर्षांपूर्वी मुलाने शेगडी आणली तेव्हा “दोन दिवसांत वेगळी वायर ओढतो” म्हणून मी दहा पावलांवरच्या दुकानातून आणला होता. लोहाराच्या घरची विळी बोथट असते, तसलं हे प्रकरण.

आता गणित.

आपल्या घरात दोन जातींचे पॉइंट असतात. एक लहान भोकांचा, ६ अँपिअरचा (अँपिअर म्हणजे करंटाचं माप). पंखा, टीव्ही, मिक्सर, मोबाइलचा चार्जर यांच्यासाठी. दुसरा मोठ्या भोकांचा, १६ अँपिअरचा, ज्याला बायका ‘गिझरचा प्लग’ म्हणतात आणि आम्ही पॉवर पॉइंट म्हणतो. यंत्राच्या बुडाला किंवा पाठीला वॉट लिहिलेले असतात. त्याला २३० ने, म्हणजे आपल्या घरच्या विजेच्या व्होल्टेजने, भागा, अँपिअर मिळतात. घरगुती राईस कुकर ७०० वॉटचा असेल तर ३ अँपिअर. तो लहान पॉइंटवर एकटा आनंदाने चालेल. इंडक्शन २००० वॉटची असेल तर पावणेनऊ. ती लहान पॉइंटवर चालताच कामा नये. आमच्या घरी दोन्ही मिळून २७०० वॉट, म्हणजे पावणेबाराच्या आसपास. सहाच्या पॉइंटवर पावणेबारा.

लोक म्हणतात, “पण एमसीबी आहे की! जास्त झालं तर पडेल.” इथेच सगळे फसतात, मीही फसलो. एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा तो आपोआप पडणारा खटका, वायरीतून जाणारा करंट मोजते, सॉकेटमध्ये काय तापलंय ते तिला दिसत नाही. माझ्या घरी त्या लाइनीवर १६ ची एमसीबी होती. मूळ १० ची होती, पण इस्त्री आणि मिक्सर एकदम लावला की ती पडायची, म्हणून मीच बदललेली. पावणेबारा अँपिअर तिच्या हिशेबात नेहमीचा कारभार. ती का पडावी?

आणि तापतं कुठे, तर जिथे दोन धातू सैल टेकतात तिथे. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या वापरून वापरून ढिल्या होतात, त्यांच्यावर काजळी धरते. समजा त्या सैल जोडाचा रोध, म्हणजे करंटाला होणारा अडथळा (तो ओहममध्ये मोजतात), अर्धा ओहम झाला. उष्णता निघते ती करंटाच्या वर्गाच्या पटीत. मोबाइलच्या चार्जरला त्या अर्ध्या ओहमचं काही सोयरसुतक नाही. पण पावणेबारा गुणिले पावणेबारा, त्याचं निम्मं, म्हणजे ६८-६९ वॉट. जुना साठचा बल्ब आठवा. तो लागलेला असताना हात लावून पाहिलाय कधी? तेवढी, किंबहुना त्याहून जास्त उष्णता, काचेच्या गोळ्यात नव्हे तर काड्यापेटीएवढ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, भिंतीच्या आत, तासभर. करंट दुप्पट केला की उष्णता चौपट होते, हे शाळेत शिकवतात. स्वयंपाकघरात कुणाला आठवत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कुकर जळत नाही, शेगडी जळत नाही. चांगल्या कंपनीचं, आयएसआय खुणेचं यंत्र बिचारं आपलं काम करतं. जळतो तो भिंतीतला पॉइंट, कन्व्हर्टर, मल्टीप्लग, एक्स्टेन्शन बोर्ड. आपण तीन-चार हजारांचं यंत्र निवडायला दहा दुकानं फिरतो आणि पन्नास रुपयांच्या कन्व्हर्टरवर त्याला टांगतो.

गणपती गेल्यावर मी एक उद्योग केला. पिशवीत टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, करंट मोजायचा क्लॅम्प मीटर घेतला आणि आमच्या बोळातल्या घरांत शिरलो. पैसे घेणार नाही म्हटल्यावर दारं पटापट उघडली. चहा मात्र इतका झाला की शेवटी सौ.ने बंदी घातली. जे पाहिलं त्यातलं थोडं सांगतो.

एका घरातली सून राईस कुकर लावताना लाकडी पाटावर उभी राहते. मला वाटलं, उंचीसाठी. म्हणाली, “काका, खाली उभं राहिलं की कुकरला हात लावताच मुंग्या येतात. पाटावर येत नाहीत.” सासूबाईंनी शिकवलेली युक्ती. त्याआधी सासूबाई रबरी चपला घालून शेगडी लावायच्या. दोन पिढ्या मुंग्यांबरोबर नांदल्या, पण कुणी वायरमन बोलावला नाही! मुंग्या येतात याचा अर्थ यंत्राच्या पत्र्यावर करंट उतरलाय आणि त्याला जमिनीत जायला अर्थिंगची वाट नाही, म्हणून तो तुमच्या अंगातून वाट काढतोय. आज पाट कोरडा आहे म्हणून मुंग्याही नाहीत. उद्या पाट ओला असेल, दुसरा हात नळाला असेल.

त्या घरी तिसरं भोक, म्हणजे वरचं मोठं, नुसतं शोभेला होतं. मागे वायरच नाही. जुन्या वाड्यांत हे निम्म्या ठिकाणी दिसतं. थ्री-पिन टॉपची वरची पिन जाड आणि लांब का असते, हे बहुतेकांनी कधी विचारलेलं नसतं. लांब असते कारण प्लग घालताना ती सगळ्यांत आधी टेकावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी; फेज (करंट आणणारी जिवंत तार) येण्याआधी संरक्षण यावं. आणि आमच्याकडे ती पिन आत जात नाही म्हणून हॅक्सॉने कापणारे महाभाग आहेत. आमच्याच धंद्यातले काही त्याहून वरचढ; अर्थिंगची वायर ओढायचा कंटाळा म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थिंगला तुकडा जोडून देतात. टेस्टरला सगळं ठीक दिसतं. पण ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी कुकरचा सगळा पत्रा जिवंत होईल. असं काम करणाऱ्याला मी वायरमन म्हणत नाही.

दुसऱ्या एका घरात इंडक्शन शेगडीखाली वर्तमानपत्र पसरलेलं. ओटा खराब होऊ नये म्हणून. संपादकसाहेब, ते आपलंच होतं, अग्रलेखाचं पान. शेगडीच्या बुडाला पंखा असतो. तो खालून हवा ओढून आतला भाग थंड ठेवतो. खाली कागद किंवा प्लॅस्टिक आलं की तो कागदालाच ओढून घेतो आणि जाळी बंद होते. मग शेगडी मध्येच बंद पडते, आकड्याच्या जागी काहीतरी अक्षर दाखवते, आणि घरातले म्हणतात कंपनी फसवी निघाली. स्वयंपाक झाल्यावर शेगडीच्या बटणाने ती बंद करावी, पंख्याचा आवाज थांबू द्यावा, मग भिंतीवरचा स्विच. भांडं काढल्यावर वरची काच बराच वेळ कडक तापलेली राहते, तिथे प्लॅस्टिकचा झारा टेकवू नये. घरात कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर शेगडी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि अंगाजवळ धरून तिच्यावर काम करू नये.

बहुतेक घरांत दिसलेली चूक मात्र वेगळीच होती, आणि ती चूक म्हणून कुणाच्या ध्यानातही नव्हती. कुकर नेमका स्विचबोर्डाच्या खाली ठेवलेला. साहजिक आहे, वायर आखूड, बोर्ड जवळ. पण भात रटरटायला लागला की झाकणाच्या भोकातून वाफ सरळ वर जाते आणि सॉकेटच्या भोकांत शिरते. रोज अर्धा तास, वर्षानुवर्षं. मी असे बोर्ड उघडले तेव्हा आत हिरवट गंज आणि पेजेचा थर. त्या सैल, गंजलेल्या जोडाचं काय होतं, ते गणित वर झालंच आहे. कुकर फूट-दीड फूट बाजूला सरकवला की काम झालं, एक पैसा लागत नाही.

राईस कुकर आतून कसा चालतो हे मी पहिल्यांदा उघडून पाहिलं तेव्हा फार आवडलं होतं. आतल्या तापणाऱ्या तव्याच्या मधोमध स्प्रिंगवर एक गोल बटणासारखं वर आलेलं असतं, भांडं ठेवलं की ते दबतं. त्यात एक चुंबक आहे. जोवर भांड्यात पाणी आहे तोवर बुडाचं तापमान शंभरच्या वर फारसं जात नाही. पाणी तांदळाने प्यायलं की तापमान चढतं, शंभराच्या थोडं पुढे गेलं की त्या चुंबकाची पकड सुटते, स्प्रिंग खटका मारते आणि दांडी ‘कुक’वरून ‘वॉर्म’वर येते. घड्याळ नाही, काही नाही. पाणी संपलं हे भातच त्याला सांगतो. आपोआप बंद होणारा पहिला कुकर जपानात तोशिबाने १९५५ साली विकायला काढला. तो बनवणारा मिनामी नावाचा एक छोटा कारखानदार होता आणि पुन्हापुन्हा भात शिजवून पाहायचं काम त्याच्या बायकोने केलं, असं माझ्या पुतण्याने वाचून दाखवलं. ऐकून सौ. म्हणाली, “मग नाव दोघांचं यायला पाहिजे.”

हे सांगायचं कारण असं की एवढं साधं यंत्र बिघडवायला एक शीत पुरतं. तव्यावर भाताचं एखादं शीत चिकटून राहिलं की भांडं सपाट बसत नाही, बटणाला बुड नीट टेकत नाही, आणि भात करपला तरी दांडी उडत नाही. भांड्याचं बूड ओलं असताना ठेवलं तर ते पाणी आत उतरतं. भांडं बाहेरून पुसून, तवा कोरड्या फडक्याने पुसून मगच बसवावं. आणि बाहेरचा डबा घासायला मोरीत नेऊ नये! आमच्या बोळात कामवाली मावशी तो डबा नळाखाली धरून स्वच्छ घासताना मी डोळ्यांनी पाहिलं. तिची काय चूक? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वायर सुटी असेल तर आधी कुकरला लावावी, मग भिंतीत; काढताना उलट. हरवली म्हणून संगणकाची जुनी वायर लावू नका. तोंड सारखं दिसतं, पण आतली तार स्वस्तातल्या वायरीत केसासारखी असू शकते.

मिरजेच्या दवाखान्यात नर्स असलेली माझी भाची हे पत्र वाचून म्हणाली, मामा, भाताचंही लिहा. शिजवूनही न मरणारे काही जंतूंचे बीज भातात असतात, आणि कोमट भातात ते जोरात वाढतात, मग उलट्या. ‘वॉर्म’वर भात साठ अंशांच्या वर राहतो तोवर ठीक. पण स्विच बंद करून झाकण तसंच ठेवून रात्रभर भात कुकरात ठेवायचा आणि सकाळी फोडणी द्यायची, हे नको. उरला तर लवकर काढून पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवावा. हा तिचा प्रांत, मी फक्त लेखनिक.

वीज जाऊन परत येते, त्याबद्दल एक जुनी गोष्ट. भारनियमन आठ-आठ तासांचं होतं त्या वर्षांत खणभागात एका घरी मला पहाटे बोलावलं. कॉइलची शेगडी, खापराच्या खाचेत गुंडाळलेली तार असते ती. तार तुटलेली, ओढून आकडा मारून जोडलेली. संध्याकाळी दूध ठेवलं आणि वीज गेली. बाईंनी दूध उतरवलं, गॅसवर तापवलं, आणि शेगडीवर, ती बंदच आहे या समजुतीने, फडकं टाकलं. स्विच चालूच. मध्यरात्री वीज आली तेव्हा सगळे झोपलेले. पडदा आणि खिडकीची चौकट गेली; माणसं वाचली, कारण म्हातारीला खोकल्याने झोप नव्हती. आजच्या इंडक्शन शेगड्या वीज परत आल्यावर बहुधा बंदच राहतात. साध्या दांडीचा राईस कुकर तसा नाही. दांडी खाली असेल तर वीज येताच तो पुन्हा कामाला लागतो. वीज गेली की हात आधी स्विचकडे जायला हवा, मेणबत्तीकडे नंतर.

आणि आमच्या सांगलीकरांसाठी थोडं वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागात काय झालं ते नव्याने सांगायला नको. पाणी उतरल्यावर पुढचे तीन महिने मी निवृत्ती विसरून काम केलं. घरोघर मिक्सर, कुकर, शेगड्या अंगणात उन्हात वाळत घातलेल्या, पापडांसारख्या. वरून कोरड्या ठणठणीत. आत गाळ. कृष्णेचा गाळ मऊ असतो, वाळला तरी दमट हवेत पुन्हा ओल धरतो. एका कुकरला मी मेगर लावला (इन्सुलेशन तपासायचं यंत्र), निदान एक मेगओहम दाखवायला हवा, त्याने काही दाखवलंच नाही. मालक म्हणाले, “पण काल भात झाला की यात!” झाला असेल. तो त्यांचा योग. पुरात बुडालेलं यंत्र कितीही जीव तुटला तरी तपासल्याशिवाय भिंतीत लावू नका, आणि तपासणाऱ्याने नको म्हटलं तर भंगारात द्या. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डाही पुराने धुऊन जातो. तो पुन्हा भरून घेतलेली घरं मला बोटांवर मोजण्याइतकी सापडली. बाकीचे आजही तिसऱ्या भोकावर विश्वास ठेवून आहेत.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग विजेवर रांधूच नका. मी तसं अजिबात म्हणत नाही. बोळाच्या टोकाला एक आजी एकट्या राहतात. गॅस चालू ठेवून विसरायच्या, दोनदा शेजाऱ्यांनी बंद केला. मुलाने इंडक्शन आणून दिली तेव्हापासून शेजारी निश्चिंत आहेत. भांडं उचललं की ती थांबते, वेळ लावता येते, ज्योत नाही, पदर पेटत नाही. त्यांच्या घरी मी वेगळी लाइन ओढली, मेन बोर्डापासून थेट, चार एमएमची तांब्याची वायर, सोळाचा पॉइंट, त्याला स्वतंत्र एमसीबी, आणि सगळ्याच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ही शेवटची वस्तू महत्त्वाची. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत थोडा जरी फरक पडला, म्हणजे तो कुणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गळतोय, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत ती तोडते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला की ती जिवंत आहे. आजी दर संकष्टीला दाबतात. चंद्रोदयाआधी.

नवीन फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हसू नये. विश्रामबागेकडच्या एका नव्या इमारतीत भाच्याच्या ओट्यावर मोठ्या भोकांचे चार पॉइंट होते. मी समाधानाने एक उघडला, तर मागे दीड एमएमची वायर, दिव्यांच्या लाइनीवरून घेतलेली. भोक मोठं म्हणजे मागची वायर जाड, असं कुठेही लिहिलेलं नाही. घर ताब्यात घेताना लोक फरशीवर गोटी सोडून उतार बघतात. एक प्लेट उघडून दाखवा असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही.

आता माझी तक्रार. आमची शेगडी ज्या दुकानातून आली तिथे मुलाला मासिक हप्ता विचारला, जुनं यंत्र बदली देणार का विचारलं, वाढीव वॉरंटी घ्या म्हणून गळ घातली, फुकट कढई दिली. “घरी सोळाचा पॉइंट आहे का?” हे कुणी विचारलं नाही. उलट बिलाच्या काउंटरवरच कन्व्हर्टरची बरणी ठेवली होती, चॉकलेटसारखी. दसरा-दिवाळीला आपल्या वृत्तपत्रात अशा दुकानांच्या पानपानभर जाहिराती येतात. त्यात एक ओळ टाकायला सांगाल का? ‘२००० वॉटचे यंत्र घेण्यापूर्वी घरातील १६ अँपिअरचा पॉइंट परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या.’ मोठ्या अक्षरांत नको, वॉरंटीच्या अटी छापता तेवढ्याच छापा. आणि पुरवणीतल्या कृतींच्या वर जिथे ‘साहित्य’ लिहिता, तिथे अडीच वाट्या तांदळाच्या आधी तो पॉइंट लिहा.

वाचकांना एवढंच करायचं आहे: आज रात्री स्वयंपाक झाल्यावर, यंत्र बंद करून, भिंतीचा स्विच बंद करून, प्लग काढा आणि प्लगचं अंग हाताच्या पाठीला लावून बघा. कोमट असेल तर चालेल. चटका बसत असेल, पिना काळवंडल्या असतील, सॉकेटच्या भोवती पिवळट डाग असेल, तर उद्या तो पॉइंट वापरू नका. आणि कधी पेटलंच तर पाण्याचा तांब्या उचलू नका, आधी मेन पाडा. आटोक्यात नसेल तर माणसं बाहेर काढून १०१ ला फोन. खांबाकडून येणाऱ्या वायरीचं किंवा मीटरचं काही असेल तर वीज कंपनीचा १९१२.

आमच्या घरी गौरीच्या तिसऱ्या दिवशीच मी वायर ओढली. ते तीन वर्षं राहिलेलं ‘दोन दिवसांचं काम’ सव्वातीन तासांत संपलं. वितळलेला कन्व्हर्टर मी फेकणार होतो; सौ.ने तो धुऊन (हो, धुऊन!) कॅलेंडरच्या खिळ्याला सुतळीने टांगला आहे. परवा शेजारच्या वहिनी मुलीच्या केळवणासाठी आमची इंडक्शन मागायला आल्या. सौ.ने विचारलं, “सोळाचा पॉइंट आहे का तुमच्याकडे?” वहिनींना काही सांगता येईना. तेव्हा तिने शेगडी त्यांच्या हातात दिली नाही. ती माझ्या हातात दिली, वर टेस्टर ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही जा बरोबर. नसला तर शेगडी परत आणा, मी इथूनच आमटी करून पाठवते.”

नव्हता. आमटी आमच्याकडूनच गेली.

आपला,
एक निवृत्त वायरमन,
गावभाग, सांगली